शनिवारची रात्र इतकी महाग का? महाबळेश्वरात परवडणारी खोली शोधण्याचे गणित

एप्रिल उजाडला की सांगलीहून माझ्या मावसभावाचा फोन येतो आणि दरवर्षी त्याचे पहिले वाक्य तेच असते : "दादा, तुम्ही साताऱ्यात राहताय, महाबळेश्वरात कुणाची तरी ओळख असेल की." त्याला चार माणसांना पुरेल अशी खोली हवी असते, शुक्रवारी रात्री पोहोचून रविवारी परतायचे असते, वेण्णा तलावावर पायी जाता आले पाहिजे, गरम पाणी हवे, गाडी लावायला जागा हवी आणि भाडे दोन हजारांच्या आत हवे. यातली प्रत्येक अट वाजवी आहे. पण सगळ्या एकत्र आल्या की मे महिन्यातल्या महाबळेश्वरात त्या पुऱ्या होत नाहीत, आणि "लुटतात हो हे लोक" या निष्कर्षावर फोन संपतो.

लूट होत नाही असे मी म्हणणार नाही. परंतु गर्दीच्या दिवसांत दर तिप्पट-चौपट होण्याचे मुख्य कारण लबाडी हे नाही, आणि ते कारण कळले तर खोली परवडण्याजोगी करून घेण्याचे मार्गही दिसू लागतात. ओळखीने फार तर शंभर-दोनशे रुपये कमी होतात.

## खोली म्हणजे दसऱ्याचा झेंडू

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मंडईत झेंडूचा भाव विचारून पाहावा आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावा. फूल तेच, शेतही तेच, पण आदल्या दिवशी पावशेरासाठी घासाघीस करणारे आपण दुसऱ्या दिवशी रस्त्याकडेला टाकून दिलेल्या ढिगाकडे वळूनही पाहत नाही. खोलीचे तसेच आहे, किंबहुना खोली झेंडूपेक्षाही नाशवंत आहे. मंगळवारची न विकलेली रात्र बुधवारी सवलतीत विकता येत नाही आणि शनिवारी मागणी आली म्हणून गोदामातून बाहेरही काढता येत नाही. आपण भाडे भरतो ते चार भिंतींचे, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात आपण एक विशिष्ट रात्र विकत घेत असतो आणि भाव त्या रात्रीचा असतो.

हे आकड्यांत पाहू. समजा, दहा खोल्यांचे एक लॉज आहे. कामगारांचे पगार, कर्जाचा हप्ता, घरपट्टी, पावसाळ्यात भिंतींना धरलेली ओल काढून केलेली रंगरंगोटी असा त्याचा वर्षाचा बांधील खर्च, म्हणजे पाहुणा येवो वा न येवो करावाच लागणारा खर्च, १८ लाख रुपये आहे. वर्षाचे ३६५ दिवस दहाही खोल्या भरल्या तर एका खोलीच्या एका रात्रीवर ४९३ रुपये खर्च पडतो. पण डोंगरावरच्या गावात असे होत नाही. समजा, शनिवार, दिवाळीचा आठवडा, नाताळ ते नववर्ष आणि उन्हाळ्याची सुट्टी मिळून शंभरच रात्री लॉज भरते आणि बाकी वर्ष जवळजवळ रिकामे जाते. मग तोच खर्च प्रत्येक भरलेल्या रात्रीवर १,८०० रुपये पडतो. नफा, वीज, धुलाई आणि कर त्यानंतरचे. मे महिन्यातल्या शनिवारी राहणारा पाहुणा जुलैतल्या धुक्यात रिकाम्या पडलेल्या खोलीचे भाडेही भरत असतो, ते असे.

उलट बाजूही लक्षात घ्यावी. फेब्रुवारीतल्या बुधवारी संध्याकाळी सहा वाजता मालकाकडे सात खोल्या रिकाम्या असतील, तर आणखी एका पाहुण्यासाठी त्याला फक्त चादरी धुण्याचा, पाणी तापवण्याचा आणि विजेचा खर्च येणार असतो. त्याच्यावर जे मिळेल ती कमाईच. त्या संध्याकाळी घासाघीस चालते आणि शनिवारी ती का चालत नाही, याचे उत्तर यातच आहे.

## तलाव वाढत नाही, माथाही वाढत नाही

मागणी वाढली की पुरवठा वाढतो, हा बाजाराचा साधा नियम. मग एवढे पर्यटक येत असताना महाबळेश्वरात आणखी हजारो खोल्या का झाल्या नाहीत?

गावाचा इतिहास पाहिला तर उत्तर सोपे आहे. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात, १८२९ च्या सुमारास, उन्हाळ्यात थंड हवा खायला येणाऱ्या साहेबलोकांसाठी येथे पेठ वसली आणि तिला माल्कम पेठ हे नाव पडले. वेण्णा तलाव साताऱ्याचे छत्रपती आप्पासाहेब महाराज यांनी १८४२ मध्ये बांधवला. म्हणजे गाव आखले गेले ते मोठमोठ्या आवारांतल्या मोजक्या बंगल्यांसाठी. २०११ च्या जनगणनेत शहराची कायम वस्ती सुमारे १३ हजार होती. सुट्टीत येणारा लोंढा याच रस्त्यांवर आणि याच नळांवर येतो. बोटिंगच्या रांगेत उभे असलेल्या बहुतेकांना ठाऊक नसते, पण ज्या तलावात आपण वल्हे मारतो तोच तलाव महाबळेश्वर आणि पाचगणी या दोन्ही शहरांना पिण्याचे पाणी पुरवतो.

त्यात माथ्याच्या चारही बाजूंना कडे आणि राखीव जंगल. शिवाय १७ जानेवारी २००१ रोजी केंद्र सरकारने महाबळेश्वर-पाचगणी हा परिसर 'इको-सेन्सिटिव्ह झोन' म्हणून जाहीर केला. या शब्दाचा अर्थ एवढाच की येथील जंगल, पाणी आणि डोंगरउतार नाजूक असल्याने बांधकाम, खाणकाम आणि वृक्षतोड यांवर इतर ठिकाणांपेक्षा कडक बंधने आहेत, आणि शेतीची किंवा झाडीची जमीन सहजासहजी हॉटेलासाठी वापरता येत नाही. आपल्या घरात दहा माणसे जेवतील एवढीच पंगत बसते आणि घराची भिंत पाडायची परवानगी नाही, अशी ही स्थिती आहे. पाहुणे पन्नास आले तर पंगती उठवाव्या लागतात. बाजारात हे पंगत उठवण्याचे काम दर करतो.

हे निर्बंध नकोत असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा जूनमध्ये वर जाऊन यावे. वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा हा माथा आहे. २०२१ च्या जुलैत तर चोवीस तासांत सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस झाला. एवढे पाणी मुरवणारे जंगल राहिले नाही तर कृष्णा, कोयना आणि वेण्णा यांच्या काठच्या सातारा-सांगलीकरांना त्याची झळ हॉटेलच्या बिलापेक्षा कितीतरी जास्त बसेल.

## सकाळी एक दर, संध्याकाळी दुसरा

पूर्वी काउंटरमागे दरपत्रक टांगलेले असे : हंगामात इतके, बिगरहंगामात इतके. आता बऱ्याच ठिकाणी 'डायनॅमिक प्रायसिंग' चालते, म्हणजे किती खोल्या शिल्लक आहेत आणि किती जण शोधत आहेत यावर संगणक दर सतत बदलत ठेवतो. विमानाच्या तिकिटाची सवय असलेल्यांना याचे आश्चर्य वाटत नाही, पण आपल्याकडे एसटीचे भाडे पाहून सहलीचा हिशोब करणाऱ्याला तो धक्का असतो. जोडून सुट्टी आली की कॅलेंडरवर ती आपल्याला दिसते तशी त्या संगणकालाही दिसते. दर बदलतो म्हणजे फसवणूक झाली असे नाही. मात्र दर पक्का करून घेतल्याचा लेखी पुरावा आपल्याकडे नसला तर पुढे वाद होतो.

येथे नेहमीचा प्रश्न येतो की ॲपवरून खोली घ्यावी की थेट फोन करून. ॲप मालकाकडून कमिशन घेते आणि ते दरात कुठेतरी मिसळलेले असते. त्यामुळे लहान लॉजचा मालक थेट फोनवर काही टक्के कमी करायला बहुधा तयार होतो, विशेषतः आठवड्याच्या मधल्या दिवशी. पण ॲपवर रद्द करण्याच्या अटी लिहिलेल्या असतात, पैसे भरल्याची नोंद राहते आणि इतरांचे अभिप्राय वाचता येतात. माझी पद्धत अशी की ॲपवर पाहावे, अभिप्रायांतले वाईट आधी वाचावेत, मग हॉटेलला फोन करून तोच दर सांगून विचारावे. फरक शे-दीडशेचा असेल तर ॲपच बरे.

## बिलातल्या बारीक ओळी

दोन खोल्यांच्या दरांची तुलना करताना आपण वरचा आकडा पाहतो आणि तिथेच चुकतो. भावाने दोन वर्षांपूर्वी अशीच 'स्वस्त' खोली घेतली होती. कागदावर ती दोघांची होती. दोन मुलांसाठी दोन गाद्या टाकल्या, त्यांचे वेगळे पैसे. गरम पाणी सकाळी सात ते नऊ, त्यानंतर बादलीमागे पैसे. आणि गाडी लावायची जागा अर्धा किलोमीटर लांब. निघायची वेळ सकाळी दहाची आणि खोली मिळायची वेळ दुपारी एकची, म्हणजे ज्याला आपण एक दिवस म्हणतो तो एकवीस तासांचा. शेवटी त्याला शेजारच्या 'महाग' हॉटेलाइतकाच खर्च आला. वर सगळ्यांनी गार पाण्याने आंघोळी केल्या त्या वेगळ्या.

दराशेजारी इंग्रजी अक्षरांचे एक कोडे असते, तेही एकदा सोडवून टाकू. 'ईपी' म्हणजे नुसती खोली, 'सीपी' म्हणजे खोली आणि नाश्ता, 'एमएपी' म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, 'एपी' म्हणजे नाश्ता आणि दोन्ही जेवणे. चार माणसांचा दोन वेळचा बाहेरचा खर्च धरला तर वरून महाग दिसणारा एमएपी दर कधीकधी खरोखर स्वस्त पडतो. मात्र दिवसभर पॉइंट पाहत फिरणारे लोक दुपारच्या जेवणाला हॉटेलवर परतत नाहीत, म्हणून एपी घेणे बहुधा वाया जाते.

आता कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून एका रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्यापुढच्या खोलीवर १८ टक्के. त्याआधी खालच्या टप्प्यावर १२ टक्के होता. ही सीमारेषा नीट पाहण्यासारखी आहे. ७,५०० च्या खोलीवर कर ३७५ रुपये, एकूण ७,८७५. दर फक्त शंभराने वाढून ७,६०० झाला की कर १,३६८ रुपये, एकूण ८,९६८. म्हणजे शंभराच्या वाढीसाठी खिशातून १,०९३ रुपये जास्त जातात. मोठ्या कुटुंबासाठी सुट्टीत मोठी खोली घेताना एका ८,००० च्या खोलीऐवजी चार-चार हजारांच्या दोन खोल्या घेतल्या तर करातच १,०४० रुपये वाचतात आणि न्हाणीघरेही दोन मिळतात. आजोबा-आजी बरोबर असतील तर या दुसऱ्या फायद्याची किंमत करता येत नाही.

## रात्र बदलली तर

भाव रात्रीचा आहे हे एकदा मान्य केले की पहिला उपाय उघड आहे. तीच खोली, तोच तलाव, फक्त रात्र दुसरी.

यातली सर्वांत सोपी युक्ती रविवारची आहे. शनिवारी आलेली मंडळी रविवारी दुपारपर्यंत खोल्या सोडतात, कारण सोमवारी शाळा आणि कचेरी असते. रविवारी दुपारी तीनच्या सुमारास पसरणी घाटात उभे राहिले तर पाचगणीकडून वाईकडे उतरणाऱ्या गाड्यांची रांग प्रत्येक वळणावर दिसते आणि चढणाऱ्या बाजूला तुरळक वाहने असतात. त्या तुरळकांत आपण असावे. रविवार आणि सोमवार अशा दोन रात्रींसाठी एक-दोन दिवस रजा टाकावी लागते हे खरे. पण दोन रात्रींच्या भाड्यातला फरक आपल्या एका दिवसाच्या पगाराशी ताडून पाहावा. बऱ्याच घरांत रजा स्वस्त पडते.

वर्षाचा विचार केला तर माझ्या मते जानेवारीचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारीअखेर, आठवड्याचे मधले दिवस, हा सर्वांत किफायतशीर काळ आहे. नववर्षाची गर्दी उतरलेली असते, शाळा चालू असतात, हवा स्वच्छ असल्याने दूरवरचे दिसते आणि स्ट्रॉबेरीचा हंगाम भरात असतो. अडचण एकच, शाळेत जाणारी मुले. ज्यांची मुले अजून लहान आहेत किंवा शिकून मोठी झाली आहेत, त्यांनी मे महिन्यात वर जाण्याचे कारण मला तरी दिसत नाही. शाळकरी मुलांच्या घरांना दिवाळीच्या सुट्टीचे शेवटचे दिवस हा मध्यम मार्ग आहे. भाऊबीज आटोपून सात-आठ दिवस झाले की दर उतरू लागतात.

पावसाळ्यात दर सर्वांत कमी असतात, आणि "मग पावसाळ्यातच जाऊ" हा सल्ला हल्ली हौसेने दिला जातो. त्यात अर्धेच तथ्य आहे. धबधबे आणि हिरवळ असते, पण जुलै-ऑगस्टमध्ये कड्यावर उभे राहून समोर पांढऱ्या धुक्याशिवाय काही दिसत नाही, कपडे तीन दिवस वाळत नाहीत आणि घाटात दरड कोसळली तर परतीचा रस्ता बंद होतो. पाऊसच अनुभवायचा असेल तर जरूर जावे. पॉइंट पाहायचे असतील तर ही स्वस्ताई उपयोगाची नाही. सप्टेंबरच्या अखेरीपासून दिवाळीपर्यंतचे मधले दिवस मात्र चांगले.

## जागा बदलली तर

दुसरा उपाय अंतराचा. तलाव आणि बाजारपेठ हे केंद्र धरून एकात एक वर्तुळे काढली, तर प्रत्येक वर्तुळागणिक दर उतरत जातो. पाचगणी रस्त्यावर अवकाळी, मेटगुताड, गुरेघर ही गावे लागतात. दुसऱ्या बाजूला पंचगंगेच्या देवळाचे क्षेत्र महाबळेश्वर. या पट्ट्यात शेतकऱ्यांनी घराला जोडून दोन-चार खोल्या काढल्या आहेत आणि 'घरगुती जेवणाची व राहण्याची सोय' अशा पाट्या रस्त्यावरून दिसतात. पाचगणीजवळचे भिलार तर मे २०१७ पासून 'पुस्तकांचे गाव' आहे. तिथे लोकांच्या घरांत, देवळांत पुस्तकांची कपाटे मांडली आहेत आणि त्यातल्या काही घरांत मुक्कामाचीही सोय होते. सकाळी ओसरीवर चहा पीत पुस्तक चाळावे आणि समोर स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांत पाणी सुटलेले पाहावे, हे बाजारपेठेतल्या खोलीच्या खिडकीतून दिसत नाही. तिथे समोरच्या हॉटेलची पाण्याची टाकी दिसते.

तलावाकाठीच राहायचे असेल तर वेण्णेचा आग्रह सोडावा. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय महाबळेश्वरच्या पायथ्याशी तापोळ्यापर्यंत पसरला आहे. माथ्यावरून पंचवीस-तीस किलोमीटर उतरून तिथे जाता येते आणि साताऱ्याकडून कासमार्गे बामणोलीला. वेण्णा तलाव त्याच्यापुढे तळ्यासारखा वाटावा एवढे ते पाणी आहे. मुक्कामाला तंबू आणि कृषी पर्यटनाची घरे आहेत. मात्र उन्हाळ्यात तिथे माथ्यावरचा गारवा नसतो, आणि मे अखेरीस जलाशयाचे पाणी बरेच मागे हटलेले असते. थंडीत जावे.

तिसरे वर्तुळ म्हणजे वाई. महाबळेश्वरपासून अंतर बत्तीस किलोमीटर, लॉज साधे, कृष्णेचे घाट आणि ढोल्या गणपती हे पाहण्यासारखे, आणि वर जायला एसटी. महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे, पंचाहत्तरी उलटलेल्यांना मोफत आणि ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मे. आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्या कुटुंबाचा प्रवासखर्च त्यामुळे नगण्य होतो. वर पोहोचल्यावर पॉइंट दाखवायला महाबळेश्वर आगाराच्या दर्शन बसही असतात.

हिशोब मात्र पूर्ण करावा. समजा, बाजारपेठेत खोली ४,५०० ची आहे आणि गावातली १,८०० ची. रात्रीचे २,७०० वाचले असे वाटते. पण स्वतःची गाडी नसेल आणि गावातून सकाळ-संध्याकाळ जीप करावी लागत असेल, तर त्यातले हजार-बाराशे तिकडे जातात. गाडी असेल तर गावात राहणे निर्विवाद स्वस्त. एसटीने येणाऱ्याने बाजारपेठेतली साधी खोली किंवा सरळ वाई यांतून निवडावे. मधले वर्तुळ त्याच्यासाठी नाही.

घरातले कोणी बँकेत किंवा विमा कंपनीत नोकरीला असेल तर त्या संस्थेचे 'हॉलिडे होम' आहे का हे विचारावे, कारण कर्मचाऱ्यांसाठीचे ते दर बाजाराशी संबंध नसलेले असतात. पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान महाबळेश्वरात आहे आणि त्याचे आवार मोठे आहे, पण सुट्टीतल्या तारखा फार लवकर जातात. बांधकाम खात्याचे विश्रामगृह ओळखीने मिळेल, या आशेवर कोणी निघू नये. ते आधी सरकारी कामावर आलेल्यांसाठी असते.

## "पण मग महाबळेश्वरला राहिल्यासारखे वाटेल का?"

हा आक्षेप मला भावाने नव्हे, वहिनींनी घेतला आणि तो रास्त आहे. वाईला राहिलो तर विल्सन पॉइंटचा सूर्योदय हुकतो, कारण त्यासाठी पहाटे साडेचारला मुलांना उठवून घाट चढावा लागेल. मुंबई पॉइंटचा सूर्यास्त पाहून अंधारात घाट उतरणे सर्वांना जमत नाही. रात्री बाजारात गरम मका खात हिंडणे ही ज्यांच्या लेखी सहलच आहे, त्यांनी पहिल्या वर्तुळातच राहावे आणि पैसे रात्र बदलून वाचवावेत. रात्र आणि जागा दोन्ही बदलणे सक्तीचे नाही. एक बदलली तरी पुष्कळ फरक पडतो. दोन्ही बदलायची नसतील, तर दराबद्दल तक्रार करण्यात वेळ घालवू नये.

## "सरकारने दर बांधून का देऊ नयेत?"

रॉकेल, साखर यांचे दर बांधलेले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना रांगही आठवत असेल. शनिवारची खोली दीड हजारालाच द्यावी असा नियम झाला तरी खोल्या तेवढ्याच राहतील. मग त्या मिळतील कोणाला? ज्याने सहा महिने आधी अडवून ठेवल्या त्याला, ज्याची ओळख आहे त्याला, किंवा ज्याने पावतीखेरीज वरचे पैसे दिले त्याला. दर मोजूनमापून लावलेले आणि उघड असावेत, सगळे कर आणि जादा आकार धरून आधी सांगितले जावेत, ही मागणी अधिक कामाची आहे.

राहिला नव्या खोल्यांचा मार्ग. सातारा जिल्ह्यातल्या शेकडो गावांसाठी राज्य रस्ते विकास महामंडळाला नियोजन प्राधिकरण नेमून 'नवीन महाबळेश्वर' वसवण्याची योजना सरकारने पुढे आणली आहे. जुन्या गावावरचा भार कमी होईल आणि कोयनाकाठच्या तरुणांना मुंबई गाठावी लागणार नाही, हे तिच्या बाजूचे म्हणणे. रस्ता रुंद केला की काही दिवस मोकळा वाटतो आणि मग तितक्याच पटीने वाहने वाढतात, तसे येथेही होईल आणि मधल्या काळात सह्याद्रीचे उतार पोखरले जातील, हे पर्यावरणवाद्यांचे म्हणणे. मला दुसऱ्या म्हणण्यात अधिक वजन दिसते, विशेषतः खोल्या शेतकऱ्याच्या घराला जोडून न होता बाहेरच्या गुंतवणूकदाराच्या रिसॉर्टमध्ये होणार असतील तर. स्वस्त खोली आज जिथे मिळते ती शेतकऱ्याच्या घरात, कारण त्याच्यावर वर सांगितलेला अठरा लाखांचा बांधील खर्च नाही; घर त्याचे आहे, स्वयंपाक घरात होतच असतो आणि पाहुणा नसला तर तो शेतात जातो. परवडणाऱ्या खोल्या वाढवायच्या तर अशी घरे वाढली पाहिजेत. राज्याचे २०२० चे कृषी पर्यटन धोरण आणि 'निवास व न्याहारी' योजना त्यासाठीच आहेत. अशा ठिकाणी उतरताना नोंदणीचे प्रमाणपत्र विचारण्यात संकोच करू नये.

## आगाऊ पैसे भरण्यापूर्वी

टंचाई असेल तिथे ठकसेन पोहोचतातच. नावाजलेल्या हॉटेलचे खरे फोटो लावून खोटे संकेतस्थळ तयार करायचे, नकाशावर स्वतःचा मोबाइल क्रमांक टाकायचा आणि अर्ध्या दरात खोली देऊन पूर्ण रक्कम आगाऊ मागायची, ही त्यांची नेहमीची तऱ्हा. मे महिन्यातल्या शनिवारी अर्धा दर, हीच संशयाची पहिली खूण समजावी. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पैसे घेणाऱ्याचे जे नाव येते ते हॉटेलचे आहे की कोणा व्यक्तीचे, हे पाहावे. घरगुती निवास असेल तर व्यक्तीचे नाव येणारच, पण मोठ्या हॉटेलचे पैसे कोणा भलत्याच्या खात्यात जाण्याचे कारण नाही. पैसे गेलेच तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच कळवावे, कारण पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता असते. खोली खरी आहे पण कबूल केल्याप्रमाणे नाही, अशी तक्रार असेल तर ग्राहक मदत क्रमांक १९१५ आहे.

## "बुकिंग न करताच पोहोचलो तर?"

मधल्या वारी दुपारी पोहोचणाऱ्याने खुशाल बुकिंग न करता जावे. तीन ठिकाणी खोली पाहून दर ठरवणे तेव्हा फायद्याचेच ठरते. शनिवारी रात्री ही चूक करू नये. वेण्णा तलावापाशी वाहनांची रांग लागलेली असते, मागच्या सीटवर मूल झोपलेले असते आणि काचेवर टकटक करून मोटारसायकलवरचा एखादा तरुण "रूम पाहिजे का, रूम?" असे विचारतो. तो गुन्हेगार नसतो. हॉटेलकडून कमिशन घेणारा एजंट असतो आणि कधीकधी खरोखर उपयोगी पडतो. पण त्याच्या मागे जाताना खोली डोळ्यांनी पाहण्यापूर्वी पैसे देऊ नयेत, नळ सोडून पाणी पाहावे, गादीवरची चादर उचलून पाहावी, आणि एकूण किती, माणसे किती, सकाळी किती वाजता सोडायची, हे तिन्ही आकडे मालकाकडून मोबाइलवर लिहून घ्यावेत.

नऊ वाजेपर्यंत मनाजोगते मिळाले नाही तर वर अडून बसू नये. पाचगणीतही तीच गर्दी असते, त्यामुळे तिथे फार न थांबता वाई गाठावी. साताऱ्याला मेढ्यावरून जाणारा रस्ताही आहे, पण केळघरचा घाट रात्री, त्यातही धुके असताना, नवख्याने उतरू नये. वाईत पोहोचल्यावर खोली साधी असेल. सकाळी मात्र सातच्या आधी निघावे, म्हणजे पसरणी घाट मोकळा मिळतो आणि गर्दी जागी होण्यापूर्वी तलावावर पोहोचता येते.